हुंगून दिलेलं पीठ

"तोंडाची चवच गेली म्हातारीच्या," तातेराव सहज बोलल्यासारखं बोलले, आणि चंदाबाईच्या हातातलं मापटं डाळीच्या डब्यात तसंच रुतून राहिलं. सेनगावच्या बसस्टँडमागं, जिथं पूर्वी खताचं दुकान होतं त्या शटरच्या खोलीत 'शिदोरी' चालायची. ज्याच्याकडं जास्त आहे त्यानं आणून ठेवावं, ज्याला नड आहे त्यानं घेऊन जावं, कुणी कुणाला काही विचारू नये, एवढाच तिचा कायदा. तातेराव साखऱ्याहून यायचे. पोरांनी वाटणी करून घेतली आणि पुण्याची वाट धरली, तेव्हापासून ते आणि त्यांची बायको पार्वतीबाई असे दोघंच घरात उरलेले. पहिल्या खेपेला त्यांनी 'कुत्र्याला घालाया पीठ पायजे' असं सांगितलं होतं आणि ऐकणाऱ्यांनी मोठ्या मनानं ते खरंही मानलं होतं. आता कुत्र्याचं नाव निघत नसे. ते येत, टोपी काढून गुडघ्यावर ठेवत, तंबाखूची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सारत आणि आपली पाळी येईपर्यंत पावसापाण्याचं बोलत बसत.

"कवापासून?" चंदाबाईनं विचारलं.

"भोगीपासून. तिळ लावून बाजरीची भाकर केली तिनं. पहिलाच घास घातला आन् म्हनली, कडू लागून राहिलं. मी म्हनलं, येडी का काय? चंदानं हुंगून दिलेलं पीठ हाय. चंदाचं नाक चुकंल व्हय? तशी गप बसली. दुसऱ्या दिशी बी तेच. मंग चहा कडू, दूध कडू. आता म्हनती, पीठ चांगलं, तोंडच माझं बिघडलं. माझ्या सासूचं बी असंच झालं व्हतं, तोंड कडू झालं आन् महिन्यात गेली. माझं दानापानी सरलं म्हनती. अंथरूनच धरलंय तिनं." तातेरावांनी टोपी झटकली. "म्हनून म्हनलं, काही मऊ आसंल तर दे. रवा बिवा."

"तुमाला न्हाई लागलं कडू?"

"मला?" ते हसले. तंबाखूनं काळे पडलेले दात दिसले. "मला कुठं काय कळतं?"

शिदोरीत चंदाबाईचं काम एकच होतं, ते म्हणजे हुंगणं. आपल्याकडचे दुकानदार दानशूर असतात यात शंका नाही, पण त्यांच्या मनातला कर्ण बहुधा पाकिटावरची तारीख सरल्यावर जागा होतो. सेनगावच्या बाजारातून, कधी थेट हिंगोलीहून खोकी यायची. बिस्किटं, लेकरांची पावडर, तेलाच्या पिशव्या यांची तारीख गेलेली असली की मंजुषा ती सरळ मागच्या खड्ड्यात घालायची. मंजुषा म्हणजे शिदोरी सुरू करणाऱ्या बालाजी फोटो स्टुडिओवाल्याची धाकटी बहीण, बी.एस्सी. झालेली, तारखा वाचण्यात पटाईत. पण डाळ, पीठ, रवा, शेंगदाणे असल्या मालापुढं तिचंही शिक्षण थबकायचं. तारीख गेली म्हणून पोतंभर डाळ मातीत घालायची तर हात धजत नाही, आणि द्यायची तर मन धजत नाही. असला माल चंदाबाईपुढं यायचा. पाकिटं आधीच कापून डब्यात ओतलेली असायची, कारण बंद पाकिटं काही जण नेऊन परत दुकानातच विकतात असं एकदा उघडकीला आलं होतं. चंदाबाई मूठभर पीठ घ्यायची, डोळे मिटायची, नाकाशी धरायची आणि दोनांतला एक शब्द बोलायची. 'द्या', नाहीतर 'गुरांना'. तिच्या या शब्दासाठी माणसं रांगेत उभी राहून वाट बघायची, आणि तो पडला की खोलीत एकदम हलकं वाटायचं.

आणि त्या नाकाला कसलाही वास येत नव्हता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेलं ते गेलंच. ताप उतरला, खोकला गेला, पाय चालायला लागले. एके दिवशी चुलीवरचं दूध उतू जाऊन जळालं, शेजारीण धावत आली, आणि चंदाबाई तिथंच चुलीपाशी तांदूळ निवडत बसलेली होती. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्यांचंच गेलं होतं, त्यामुळं त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. मग सगळ्यांचं परत आलं, तेव्हा सांगायची वेळ टळून गेली होती. वास गेला त्याच दिवसांत बालाजी तिच्या दारात आला. "मावशी, आपण एक काम काढलंय, आणि तुमच्या नाकाशिवाय ते चालायचं नाही," असं म्हणाला. त्याच्या गाडीवर पोतं होतं. चंदाबाईनं त्यातला गहू हातात घेतला, हुंगला, वरखाली करून पाहिला, बोटांत चोळला आणि 'द्या' म्हणाली. चार दिवसांत येईलच वास, तोवर डोळे आहेत, बोटं आहेत, असा तिचा हिशेब होता. गहू खरंच चांगला होता. खोटं पहिल्यांदाच बरोबर निघालं की माणसाला ते खोटं वाटतच नाही.

पुढं पुढं ती माणसांच्या चेहऱ्यांवरून वास घ्यायला शिकली. डबा उघडला की ती आधी समोरच्याकडं पाहायची. नाकपुडी किंचित आत ओढली गेली, भुवई हलली, मान जरा मागं गेली, की समजायचं. मग ती डोळे मिटून नाकाशी मूठ धरायची, पण निकाल तोवर लागलेला असायचा. यात ती इतकी तयार झाली की कधीकधी तिला स्वतःलाच वाटायचं, आला, वास आला. जिभेचं मात्र निराळं होतं. मीठ कळे, तिखट झोंबे, गूळ गोड लागे. बाकीचं सगळं जेवण म्हणजे नुसता मऊ किंवा खरबरीत ऐवज, पण जीभ अगदीच घर सोडून गेलेली नव्हती. चिमूटभर जिभेवर टाकून पाहिलं असतं तर बरंच काही कळलं असतं. पण चाखणाऱ्या बाया गल्लोगल्ली असतात. चंदाबाई हुंगणारी होती. चाखायला लागली असती तर कुणीतरी विचारलंच असतं, मावशी, आज चाखून काहून बघताव?

नाक गेलंय हे एकाच माणसाला ठाऊक होतं आणि त्यानं ते कुणी न सांगताच ओळखलं होतं. तिचा नवरा हिरासिंग सेनगाव-साखरा जीप चालवायचा आणि संध्याकाळी प्यायचा. लग्न झाल्यापासून हे नाक त्याच्या जिवावर उठलेलं. लवंग चघळून ये, बडीशेप खाऊन ये, पेरूची पानं चावून ये, उंबऱ्याबाहेरच पकडला जायचा. करोनानंतर एकदा तो काहीच न चघळता आला, भीत भीत तिच्याजवळून गेला, आणि ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम तिच्या तोंडासमोर जांभई दिली. मग त्यानं बडीशेप आणणंच सोडलं. दोघांत यावर एक अक्षरही बोलणं झालं नव्हतं. पण ती त्याच्या पिण्याचं कुणाला सांगत नव्हती आणि तो तिच्या नाकाचं कुणाला सांगत नव्हता. संसार असाही चालतो, आणि तो बरा चालला होता.

बाजरी आली त्या दिवसाची आठवण चंदाबाईला आता डाळीच्या डब्यावर वाकलेली असताना झाली. आपल्या भागात बाजरी कोण पेरतंय? सगळं सोयाबीन, तूर, कापूस. पण भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी लागतेच, 'न खाई भोगी तो सदा रोगी' म्हणून म्हाताऱ्या सुनांच्या मागं लागतात. हिंगोलीच्या कुठल्या तरी मोठ्या दुकानानं बाजरीच्या पिठाच्या पिशव्या पाठवल्या, तेव्हा सगळ्यांना दानाची वेळ मोठी साधली असं वाटलं. तारीख मागंच गेलेली. मंजुषा म्हणाली, "मावशी, टाकून देऊ या. बाजरीचं पीठ टिकत नाही, आई सांगते." त्या दिवशी मंजुषाला पडसं झालेलं, नाक चोंदलेलं, वर गळपट्टी तोंडावरून बांधलेली. बालाजी बाहेर फोनवर. बाहेर रांगेत साखऱ्याचे, तांड्यावरचे लोक. चंदाबाईनं मूठ नाकाशी नेली आणि डोळे किलकिले करून मंजुषाकडं पाहिलं. गळपट्टीवर नुसते दोन पाणावलेले डोळे होते, त्यांत काही लिहिलेलं नव्हतं. तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "दे ना माय, भोगीचं पीठ हाय." आणि चंदाबाई म्हणाली, "धान्याला तारीख नसती पोरी. द्या."

"मावशी," आता मंजुषा मागून हळूच म्हणाली, "त्या बाजरीची तारीख..." आणि तिनं वाक्य तिथंच सोडलं. तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला वाटत होतं, चूक आपलीच असणार, आपण काही वेगळंच आठवतोय. चंदाबाईनं मनातल्या मनात म्हटलं, ही पोरगी शिकलेली, हिला कागदावर लिहिलेलं दिसत होतं, तरी हिनं आपले डोळे माझ्या नाकापुढं खाली घातले. तिकडं साखऱ्याला ती म्हातारी आपल्याच तोंडाला दोष देऊन निजली. जिच्या जिभेवर कडू होतं तिनं स्वतःची जीभ खोटी ठरवली आणि मेलेलं नाक खरं मानलं. चंदाबाईनं मापटं डब्यातून काढलं, पुन्हा ठेवलं. रवा बांधून द्यावा, वर गव्हाचं ताजं पीठ द्यावं, आणि विषय संपवावा, असं तिच्या मनात आलं आणि तिनं तसं केलंही. पुडकी तातेरावांच्या पिशवीत ठेवली.

"हे तिला घाला. हे चांगलं हाय."

"तेबी चांगलंच व्हतं की," तातेराव म्हणाले. "पिठाची तकरार न्हाई, पोरी. ती खायालाच तयार न्हाई. काल मला म्हनती, पोरांना फोन लावा, जाताना तोंड बघते. म्या लावला. मोठा म्हनला, सुट्टी न्हाई."

चंदाबाईनं पदरानं हात पुसले. "मी येते तुमच्यासंग," ती म्हणाली, आणि आपण हे बोललो याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

हिरासिंगची जीप बसस्टँडच्या कडेला भरत होती. मागं माणसं, पोती, कुणाचं तरी कोंबडं. तातेराव मागं बसले, चंदाबाई पुढं. गावाबाहेर पडल्यावर हिरासिंगनं रस्त्यावरची नजर न काढता त्यांच्या गोरमाटी, म्हणजे बंजारा बोलीत विचारलं, कुठं चाललीस? तिनं सांगितलं. मग तो म्हणाला, सांगणार आहेस का? ती बाहेर पाहायला लागली. तो म्हणाला, नको सांगू. पोत्यातच पीठ खराब निघालं म्हण, उंदीर लागला म्हण, काहीही म्हण. नाक गेलं म्हणालीस की संपलंच. मग आतापर्यंत जे जे दिलंस ते सगळं लोक आठवून काढतील. कुणाची हगवण, कुणाची उलटी, सगळी तुझ्या दारात आणून ठेवतील. तो बरोबर बोलत होता आणि हेच तिला सहन होत नव्हतं. मागं बसलेल्या एका बाईनं पदर नाकाला लावलेला तिला आरशात दिसला. म्हणजे हा सकाळीच प्यालाय, हे तिला त्या पदरावरून कळलं. तिला एकदम नवऱ्याची चीड आली आणि लगेच स्वतःचीही. दोघं जण एकाच टोपलीखाली दडून बसलेले, आणि तो मात्र टोपली जाऊ नये म्हणून मला शहाणपण शिकवतोय.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यांना आलेला होता. या दिवसांत हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबेचा वास असा उठतो की तोंडाला पाणी सुटतं. तिला पाणी सुटायचं तेही आठवत होतं, वास कसा होता तेच आठवत नव्हतं. वास असा पाहता येत नाही, परत बोलावता येत नाही. नुसती जागा उरते. लहानपणी तिला वाटायचं, जगात सगळ्यांनाच इतके वास येतात. तिचा बाप फुलसिंग तातेरावांच्या घरी सालगडी होता, आणि पेव उघडायच्या दिवशी ती त्याच्या मागं मागं गेली होती. अंगणातल्या त्या खोल खड्ड्यात ज्वारी पुरलेली, वर माती, कडबा. तोंड उघडल्यावर आत कंदील सोडून पाहिला, विझला नाही, मग बाप उतरला आणि पहिली टोपली वर आली. चंदानं मूठ भरून हुंगली आणि म्हणाली, खाली ओल हाय. मोठी माणसं हसली. तातेरावांचे वडील तर म्हणाले, तांड्यावरची पोरगी आम्हाला पेव शिकवते काय. पण उंबऱ्यातून नव्यानं आलेल्या सुनेनं, म्हणजे पार्वतीबाईनं, म्हटलं, बघा तर खरं. कोपऱ्यात पाणी शिरलेलं निघालं, खालची ज्वारी काळी पडलेली. वरची वाचली. पार्वतीबाईनं त्या दिवशी तिला ओट्यावर बसवून भाकरीवर लोण्याचा गोळा दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, या लेकराच्या नाकानं आमचं वर्षाचं खाणं वाचवलं. त्यानंतर दरवर्षी पेव उघडताना तिला बोलावणं यायचं. तांड्यात तिला त्या नाकावरून मान मिळाला, लग्नातसुद्धा त्याचीच चर्चा झाली. एवढं सगळं त्या एका बाईच्या शब्दानं सुरू झालेलं, आणि तीच आता कडू तोंडानं मरायला टेकलेली.

पार्वतीबाई बाहेरच्या खोलीत बाजेवर होत्या. दारापाशी शेजारची जनकाबाई पदर नाकाला लावून उभी होती, "आल्या का बाई, बघा जरा, आंघोळीला बी उठंना झाली," असं म्हणून ती लगेच सटकली. चंदाबाई बाजेच्या कडेवर बसली, अगदी जवळ, आणि म्हाताऱ्या बाईचा हात आपल्या मांडीवर घेतला. हात हलका झाला होता. डोळे खोल गेले होते, पण त्यांत ओळख होती.

"चंदे, आलीस व्हय."

"आले काकू. काहून खाईना झाल्या?"

"तोंड कडू हाय गं. माझ्या सासूचं बी आसंच झालं व्हतं."

"तोंड न्हाई काकू. पीठच कडू व्हतं. पोत्यातच खराब निघालं." हिरासिंगचं वाक्य तिच्या तोंडातून सुरळीत बाहेर पडलं.

पार्वतीबाई हसल्या. दात नसलेलं, मायेचं हसू. "मन राखाया बोलून राहिली. मला का कळत न्हाई? तू हुंगलं व्हतंस ना?"

"हुंगलं व्हतं."

"मंग? तुझ्या नाकाखालून कडू पीठ जाईल व्हय? म्या ओळखत न्हाई तुला? पेवाच्या तळाची ओल तू वरून सांगितलीस." त्यांनी डोळे मिटले. "मला समजूत घालू नको माय. माझी तयारी झाली. आता फकस्त पोरं आली की झालं."

तातेराव दारात उभे राहून ऐकत होते. चंदाबाईला खोलीतून उठून जावंसं वाटलं. आता गप्प राहिलं की झालं. म्हातारं माणूस, वय झालेलं, चार दिवसांनी गेली तर कुणी कुणाला विचारणार नाही. सगळे म्हणतील, दाणापाणी सरलं. तिचं मन तिथपर्यंत पोचलं आणि मग मागं फिरलं, कारण ते इथवर जाऊ शकतं याचीच तिला भीती वाटली.

"काकू," ती म्हणाली, "मला वास येत न्हाई."

"आं?"

"कसलाच न्हाई. करोना झाला तवापासून. म्या नुसती मूठ नाकाला लावते."

पार्वतीबाईंनी डोळे उघडले. मग मान किंचित वळवून म्हणाल्या, "लई दिस झाले, मी आंगावर पानी घेतलं न्हाई. हातरुनात सगळं. जनका दारातून आत येत न्हाई. ह्ये बी रातच्याला बाहेर वट्ट्यावर निजून राहिले. तू आलीस ती येऊन जवळच बसलीस. हात मांडीवर घेतलास." त्यांनी आपल्या हाताकडं पाहिलं. "मला वाटलं, माया."

"मायाच हाय काकू," चंदाबाई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "मायाच हाय. पन वास बी येत न्हाई."

दारातले तातेराव एकदम म्हातारे दिसायला लागले. मग पार्वतीबाई हातांवर जोर देऊन उठायला लागल्या. चंदाबाईनं हात दिला, तो त्यांनी झटकला. त्या उठून बसल्या, केस मागं सारले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तो डबा आना." फळीवरचा डबा आला. त्यांनी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं, तोंड वाकडं केलं आणि थुंकल्या. "चूळ भरा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "चांगली भरा. ती तंबाखू पहिल्यांदा थुका." तातेराव निमूट मोरीकडं गेले. तंबाखू टाकली, खळखळ चुळा भरल्या, लेकरासारखं तोंड उघडून आले. पीठ जिभेवर पडल्यावर त्यांचा चेहरा हळूहळू आवळत गेला.

"कडू जहर हाय की गं हे."

"मंग मी मरून ऱ्हायले न्हाई," पार्वतीबाई म्हणाल्या. हे त्यांनी आनंदानं म्हटलं नाही, कुणावर तरी रागवावं तसं म्हटलं. "इतके दिस उपाशी ठिवलं मला. पोरांना फोन लावला. मी आपल्याच तोंडाला शिव्या घालून राहिले." त्या चंदाबाईकडं वळल्या नाहीत. "जनकाच्या घरी बी हेच पीठ हाय. त्या पल्याडच्या घरातल्या गंगूच्या लेकराला बी हेच घालत आसतील. बसून काय राहिले? जा की. सांगा समद्यांना."

तातेराव टोपी न घालताच बाहेर पडले. चंदाबाईला त्यांचे पाय गल्लीत जाताना ऐकू आले, मग त्यांचा आवाज. ते पहिल्या दारापाशी थांबले असावेत. "आरं, ते भोगीचं पीठ खाऊ नका! चंदाबाईनं दिलेलं! तिला वासच येत न्हाई म्हनं!" पुढच्या दाराशी पुन्हा तेच. त्यांच्या आवाजात सूड नव्हता. गावात विहिरीत कुत्रं पडलंय असं सांगत फिरावं, तशी काळजी होती, आणि त्या काळजीतच तिचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. आता हे नाव जीपमध्ये चढेल, सेनगावला जाईल, बालाजीच्या स्टुडिओत, मंजुषापाशी. हिरासिंगपाशीही. मंजुषाचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढं आला. ती रागवणार नाही. ती फक्त पुढच्या वेळी डबा कुणापुढं धरायचा याचा विचार करत उभी राहील, आणि ते तिला रागापेक्षा वाईट वाटलं.

मग गल्लीतून उत्तरं यायला लागली. एका दारातून बाई म्हणाली, "कडूच व्हतं व्हय? मला वाटलं माझी जीभच खरडली." दुसऱ्या घरातून पुरुषाचा आवाज, "आमी तर गूळ लावून खाल्लं. म्हनलं हुंगून दिलेलं हाय, आपलंच काही चुकत आसंल." जनकाबाई ओरडून कुणाला तरी सांगत होती, "म्या सुनंला मारलं गं! म्हनलं तूच नीट भाजली न्हाई भाकर!" एका मागून एक दारं उघडत होती. सगळ्या गल्लीला कडू लागलं होतं. प्रत्येकानं ते गिळलं होतं आणि प्रत्येकानं दोष आपल्या घरातल्या माणसाला दिला होता.

पार्वतीबाईंनी डबा चंदाबाईपुढं सरकवला.

"चाख."

"मला काय कळनार, काकू?"

"चाख म्हनते ना."

तिनं चिमूट घेतली. थोडं पीठ पदरावर सांडलं. तिनं ते जिभेवर ठेवलं आणि वाट पाहिली. आधी काहीच नाही, नुसता भुसा. मग जिभेच्या मागच्या बाजूनं हळूहळू काहीतरी वर आलं, गालांत गेलं, घशाशी जाऊन बसलं. ओळखायला वेळ लागला, कारण तिनं इतक्या वर्षांत जिभेला कधी विचारलंच नव्हतं. बाहेर तातेराव शेवटच्या घराकडं पोचले होते.

"कसं लागतंय?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"कडू," चंदाबाई म्हणाली. "मला कळतंय काकू. कडूच लागतंय."